शिबिर संपल्यावर काय उरतं?

एनएसएसचं सात दिवसांचं निवासी शिबिर ज्यांनी केलंय, त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. शेवटच्या रात्री शेकोटी, गाणी, डोळ्यांत पाणी आणि ‘आपण टचमध्ये राहायचं हं’च्या आणाभाका. परतीच्या एसटीतच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तयार होतो. आठवडाभर फोटोंचा पाऊस पडतो, मग गुड मॉर्निंगचे मेसेज उरतात, मग तेही थांबतात. गावात श्रमदानातून घातलेल्या बंधाऱ्याचं पुढे काय झालं, हे बघायला सहसा कुणी जात नाही.

जगातल्या अत्यंत हुशार मंडळींच्या शिबिरांचंही असंच होतं का? सध्या हा प्रश्न सगळ्यात जास्त लागू पडतो तो एआय सेफ्टीवर काम करणाऱ्यांना. ताकदवान एआय यंत्रणा माणसाच्या हेतूबाहेर वागू नयेत, चुकीच्या हातात पडून घातक ठरू नयेत, यासाठी काय करता येईल याचा अभ्यास म्हणजे एआय सेफ्टी. क्षेत्र नवं आहे, माणसं कमी आहेत आणि ती जगभर विखुरलेली आहेत. त्यामुळे त्यांच्यात रिट्रीट नावाच्या प्रकाराला फार महत्त्व. समुद्रकिनारी किंवा एखाद्या जुन्या वाड्यात तीन-चार दिवस एकत्र राहायचं, सकाळी सत्रं, दुपारी भटकंती आणि खरी चर्चा रात्री जेवणाच्या टेबलावर. बऱ्याचदा एक नियमही असतो : इथे काय बोललं गेलं ते बाहेर सांगा, कोण बोललं ते सांगू नका.

यावर दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक, ही श्रीमंतांच्या पैशांवरची फुकट सहल आहे. दोन, इथेच इतिहास घडतो. मला दोन्ही पटत नाहीत. शिबिरात काय ठरलं यापेक्षा, ठरलेलं दुसऱ्या दिवशी कुणाच्या हातात पडलं यावर सगळं अवलंबून असतं, असं माझं मत आहे. त्याला पुरावाही आहे.

जानेवारी २०१५. फ्युचर ऑफ लाइफ इन्स्टिट्यूट या संस्थेने पोर्तो रिकोतल्या सान हुआनमध्ये एआयवाल्यांना बोलावलं. पत्रकारांना प्रवेश नव्हता. तोवर ‘एआयचा धोका’ हा विषय काढला की बरेच संशोधक हसून सोडून द्यायचे. इथे मात्र विद्यापीठांतले प्राध्यापक, कंपन्यांचे प्रमुख आणि या धोक्याबद्दल लिहिणारे तत्त्वज्ञ एकाच टेबलावर जेवले. त्यातून एक खुलं पत्र निघालं. पण पत्रं काय, खूप निघतात. महत्त्वाचं घडलं ते त्याच महिन्यात. परिषदेला आलेल्या इलॉन मस्क यांनी १ कोटी डॉलर जाहीर केले, आणि जुलैपर्यंत ३७ संशोधन गटांना मिळून सुमारे ७० लाख डॉलर मंजूरही झाले. म्हणजे कुणाची तरी पीएचडी, कुणाचं पोस्टडॉक, कुणाचा पहिला पेपर त्यावर उभा राहिला. हसण्यावारी जाणाऱ्या विषयावर करिअर करता येतं, हे या गटांनी दाखवून दिलं.

दोन वर्षांनी, जानेवारी २०१७ मध्ये, त्याच संस्थेने पुढचं शिबिर घेतलं ते कॅलिफोर्नियातल्या असिलोमारला. तिथून २३ तत्त्वं बाहेर आली. हजर असलेल्यांपैकी किमान ९० टक्के लोक सहमत असतील तेच तत्त्व यादीत घ्यायचं, असा नियम होता. त्यातलं एक तत्त्व असं सांगतं की एआय बनवणाऱ्यांनी आपसांत सहकार्य करावं आणि शर्यतीच्या नादात सुरक्षेत काटछाट करू नये. डेमिस हसाबिस, सॅम ऑल्टमन, मस्क, यान लकून अशा सगळ्यांनी या तत्त्वांना पाठिंबा दिला. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने त्यांच्या बाजूने ठरावही केला.

आणि मग? नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि जी शर्यत टाळायची होती तीच सुरू झाली, धावणारेही बरेचसे तेच. मार्च २०२३ मध्ये याच संस्थेने ‘सहा महिने थांबा’ असं पत्र काढलं. मस्क यांनी त्यावर सही केली आणि जुलैमध्ये स्वतःची एआय कंपनी जाहीर केली. थांबलं कुणीच नाही.

सह्या करणारे खोटारडे होते, असं मला म्हणायचं नाही. त्या खोलीत, त्या क्षणी ते मनापासून बोलले असतील. शिबिरात सगळेच मनापासून बोलतात. पण ती २३ तत्त्वं मोडली तर जाब विचारणारं कुणी नव्हतं. ना सरकारी खातं, ना पैसे रोखू शकणारी संस्था.

असिलोमार हे ठिकाण मुद्दाम निवडलं गेलं होतं, कारण फेब्रुवारी १९७५ मध्ये इथेच एक गाजलेली परिषद झाली होती. जीवशास्त्रज्ञांना तेव्हा एका जीवाचा डीएनए दुसऱ्यात जोडता यायला लागला होता, आणि या प्रयोगांतून काही भयंकर बाहेर पडलं तर, ही भीती त्यांनाच वाटत होती. पॉल बर्ग यांच्या पुढाकाराने सुमारे १४० जण जमले. त्याआधी काही प्रयोग स्वतःहून थांबवलेही होते. ही काही गोडीगुलाबीची बैठक नव्हती. जेम्स वॉटसनसारखे लोक निर्बंधांच्या विरोधात बोलत होते. वातावरण बदललं ते वकिलांच्या सत्रानंतर. प्रयोगशाळेत काही झालं तर खटला तुमच्यावर चालू शकतो, हे त्यांनी शांतपणे समजावलं. आयोजकांनी रात्रभर जागून मसुदा लिहिला आणि सकाळी तो मोठ्या बहुमताने मान्य झाला.

पण १९७५ टिकलं ते त्या रात्रीमुळे नाही. जून १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्यावर आधारित नियम काढले आणि तिच्या अनुदानावर चालणाऱ्या प्रयोगशाळांना ते पाळणं भाग पडलं. पैशाची थैली जिच्या हातात, तिनेच अट घातली. २०१७ मध्ये अशी थैली कुणाच्याच हातात नव्हती. उलट पैसा होता तो शर्यत लावणाऱ्यांकडे.

या गोष्टीला एक शेपूट आहे, ते फारसं सांगितलं जात नाही. १९७६ च्या उन्हाळ्यात हार्वर्डला अशा प्रयोगांसाठी नवी प्रयोगशाळा हवी होती. तेव्हा केंब्रिज शहराच्या नगर परिषदेने विचारलं, तुमच्या परिषदेत आमच्या गावातलं कोण होतं? प्रयोग तीन महिने थांबवले गेले, सामान्य नागरिकांची समिती बसली, तिने महिनोन्‌महिने शास्त्रज्ञांना प्रश्न विचारले आणि प्रयोगांना सशर्त परवानगी दिली. शास्त्रज्ञ आधी चिडले होते. पण दाराबाहेरच्यांनी विचारलेल्या प्रश्नांमुळे विज्ञान बुडालं नाही. आज ते शहर जैवतंत्रज्ञानाच्या मोठ्या केंद्रांपैकी एक आहे.

अर्थात, नियमच झाले तर शिबिर यशस्वी, असंही नाही. काही शिबिरांचा परिणाम हळू आणि न दिसणारा असतो. १९५७ मध्ये कॅनडातल्या पगवॉश या छोट्या गावात २२ शास्त्रज्ञ अण्वस्त्रांवर बोलायला जमले. त्यांत अमेरिकन होते, तसेच सोव्हिएतही. (ही बैठक खरं तर नेहरूंच्या निमंत्रणावरून दिल्लीत व्हायची होती, सुएझच्या संकटामुळे हुकली.) एका बैठकीतून काही झालं नाही. पण ते भेटत राहिले, आणि १९६३ च्या अणुचाचणीबंदी करारामागे या ओळखींचाही हात मानला जातो. १९९५ मध्ये पगवॉशला आणि जोसेफ रॉटब्लॅट यांना शांततेचं नोबेल मिळालं. म्हणजे ३८ वर्षांनी! एआयमध्ये असाच धागा विणायचा प्रयत्न चालू आहे. योशुआ बेंजिओ, स्टुअर्ट रसेल, अँड्र्यू याओ अशी पाश्चात्त्य आणि चिनी मंडळी २०२३ मध्ये इंग्लंडला, २०२४ मध्ये बीजिंगला आणि मग व्हेनिसला भेटली. एआयने कोणत्या रेषा ओलांडायच्या नाहीत, यावर त्यांनी एकत्र निवेदनं काढली. निवेदनांपेक्षा मला त्या ‘आणि मग’चं मोल जास्त वाटतं.

आता थोडं कटू. एकत्र राहिल्याने विश्वास वाढतो, हे रिट्रीटचं बलस्थान आणि तोच त्याचा धोकाही. ज्याच्यासोबत तीन दिवस टेकड्या चढलात, त्याच्या कंपनीवर चौथ्या दिवशी जाहीर टीका करणं जड जातं. हे क्षेत्र लहान आहे. तपासणारा आणि ज्याची तपासणी व्हायची तो, एकाच पंगतीला. पुढची नोकरीही कदाचित त्यातलाच कुणी देणार. शेवटच्या दिवशीच्या फीडबॅक फॉर्ममध्ये हे कधीच उतरत नाही. तिथे सगळे दहापैकी नऊ देतात. तोच फॉर्म सहा महिन्यांनी भरून घ्या आणि एकच विचारा, ‘इथे आला नसतात तर तुम्ही आज वेगळं काय करत असतात?’ खरा आकडा तिथे कळेल.

आणि त्या पंगतीत कोण नाही, तेही बघावं लागेल. व्हिसा, विमानाचं तिकीट, शिफारस करणारा प्राध्यापक, अस्खलित इंग्रजी. यातलं एक नसेल तरी दार बंद. याचं नुकसान फक्त त्या विद्यार्थ्याचं होत नाही. २०२३ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की जीपीटी-४ इंग्रजीत ज्या घातक प्रश्नांना नकार देतं, त्यांतले बरेचसे झुलू किंवा स्कॉट्स गेलिकसारख्या भाषांत भाषांतर करून विचारले की ते उत्तर देऊन मोकळं होतं. कुलूप पुढच्या दाराला लावलं आणि मागचं उघडंच राहिलं, कारण मागच्या दाराने येणारं कुणी त्या खोलीत फारसं नव्हतं.

आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने एआय सेफ्टी इन्स्टिट्यूटची घोषणा केली. आयआयटी मद्रासमध्ये जबाबदार एआयसाठी केंद्र आहे. चांगलंच आहे. पण मराठीत मॉडेल कसं वागतं, आत्महत्येच्या विचारांत असलेल्या मुलाला ते वऱ्हाडीत काय उत्तर देतं, मालवणीतली शिवी त्याला कळते का, हे तपासायला कॅलिफोर्नियाचा समुद्रकिनारा लागत नाही. तिथे ते तपासता येणारही नाही. कॉलेजचा कॉम्प्युटर विभाग आणि मराठी विभाग यांनी एका हॉस्टेलवर दोन दिवस बसावं, काय सापडलं ते तारखेसह लिहून ठेवावं आणि संबंधित कंपनीला, जमलं तर त्या सरकारी संस्थेला, पाठवावं. खर्च मेसच्या जेवणाचा आणि वायफायचा. मॉडेल दर काही महिन्यांनी बदलतात, त्यामुळे तेच प्रश्न पुन्हा विचारायला आणखी दोन दिवस लागतील. त्यांची तारीख पहिल्या दिवशीच कॅलेंडरवर टाकून ठेवा.