वायर आधी, बॅटरी नंतर

रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की परभणीच्या शिवारात जागल सुरू होते. रानडुकरं एका रात्रीत अर्धा एकर झोपवतात, रोह्यांचा कळप शिरला तर विचारूच नका. पूर्वी माळ्यावर बसून गोफण फिरवायची. आता बोलेरो कॅम्पर किंवा जुनी कमांडर बांधावर उभी करतात आणि टपावरचे एलईडी फोकस रात्रभर जळत ठेवतात. पहाटे सेल्फ मारला की नुसती टिकटिक. काळ्या मातीच्या पाणंदीत, दव पडल्यावर, डिझेलची गाडी धक्का मारून सुरू करायला चार माणसं लागतात, आणि पहाटे पाचला आखाड्यावर ती कुठून आणायची?

हिशेब साधा आहे. 18 वॅटचे दोन फोकस म्हणजे 36 वॅट, 12 व्होल्टवर 3 अँपिअर. दहा तासांत 30 अँपिअर-अवर गेले. गाडीची बॅटरी साधारण 70 ची असते आणि तिच्यातलं निम्मं काढलं की ती आजारी पडायला लागते. सेल्फला एका क्षणात भरपूर करंट द्यायचा, एवढ्यासाठी तिच्यातल्या प्लेटा पातळ केलेल्या असतात. रात्रभर थोडं थोडं देत राहणं हे तिचं काम नव्हे. त्यात डिसेंबर-जानेवारीत इथला पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. गारठलेल्या बॅटरीचं बळ कमी आणि इंजिनातलं तेल घट्ट, म्हणजे दोन्हीकडून कोंडी. म्हणून दुसरी बॅटरी बसवण्याचा विचार चुकीचा नाही. ती कशी बसवली जाते, यावर माझा आक्षेप आहे.

होतं असं, की ट्रॅक्टरमधून काढलेली जुनी बॅटरी किंवा घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी कॅम्परच्या मागच्या हौद्यात ठेवतात, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडतात, आणि काम झालं म्हणतात. या जोडणीत दोन बॅटऱ्या असतात, पण वागतात एकीसारख्या. फोकस दोघींनाही उतरवतात. भरीला त्यातली जुनी बॅटरी नवीचं चार्जिंग रात्रंदिवस ओढत राहते. पहाटेची टिकटिक तीच, फक्त आता नवी बॅटरीही खराब होण्याच्या वाटेवर. ट्यूब्युलर बॅटरी तर एका जागी उभी राहण्यासाठी बनवलेली असते. पाणंदीच्या गचक्यांत तिचं ॲसिड सांडतं आणि हौद्याचा पत्रा खातं.

दोघींच्या मधे राखणदार हवा. व्होल्टेज सेन्सिंग रिले ते काम करतो. इंजिन चालू होऊन व्होल्टेज साधारण 13.3 च्या वर गेलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो. इंजिन बंद होऊन 12.8 च्या आसपास उतरलं की तोडतो. रात्री फोकसांनी दुसरी बॅटरी पार रिकामी केली तरी सेल्फची बॅटरी शाबूत राहते. ज्या दुकानात हा रिले न लावता दुसरी बॅटरी बसवून देतात, त्या दुकानातून उठून यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वायर. याच ठिकाणी सगळ्यात जास्त कंजुषी होते. पुढून मागे चार मीटर अंतर, उतरलेली बॅटरी 50 अँपिअर ओढते असं धरू. घराच्या फिटिंगची 2.5 स्क्वेअर एमएमची वायर टाकली, तर त्या चार मीटरमध्येच जवळपास 1.4 व्होल्ट गळतात. डायनामो 14.2 देत असला तरी मागे पोचतात 12.8, आणि एवढ्यावर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. मग गिऱ्हाईक बॅटरीच्या कंपनीला शिव्या देतं. शिवाय ती वायर तापते, ते वेगळंच. 16 स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल टाकली की गळती सव्वादोन दशांश व्होल्टवर येते. मागची अर्थिंगही रंग खरवडून, कोऱ्या लोखंडावर, चांगल्या थिंबलने आवळायची.

फ्यूज दोन लागतात, हे फार थोड्या ठिकाणी पाळलं जातं. एरवी वायरच्या एकाच टोकाला वीज असते, इथे दोन्ही टोकांना बॅटरी आहे. केबल मधे कुठे पत्र्यावर घासून उघडी पडली, तर पुढच्या बॅटरीजवळचा फ्यूज उडेल, पण मागची बॅटरी त्याच जागी शेकडो अँपिअर ओतत राहील. शेजारून डिझेलची नळी गेलेली असते. म्हणून दोन्ही बॅटऱ्यांपासून वीतभर अंतरात एकेक फ्यूज, 16 च्या केबलला 80 अँपिअरचा. पत्र्यातल्या प्रत्येक भोकाला रबर. बॅटरीला लोखंडी पट्टीने आवळलेली बैठक, सुतळी किंवा ट्यूबचा पट्टा नव्हे. हे सगळं सामान मिळूनही बॅटरीपेक्षा स्वस्तच पडतं, पण दुकानात पैसे आधी बॅटरीवर संपतात आणि उरलेल्यात वायर बसवली जाते.

जागा निवडताना आपला उन्हाळा आठवावा. मे महिन्यात बाहेरच 43 अंश असतात, तेव्हा बॉनेटखाली काय असेल! तापमान कायम दहा अंशांनी चढं राहिलं तर शिशाच्या बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. दुसरी बॅटरी मागेच बरी, आणि लिथियमची असेल तर बॉनेटखाली मुळीच नको. पाणी टाकायची बॅटरी मात्र बंद केबिनमध्ये ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, त्याला बाहेर वाट हवी.

बीएस-6 गाड्या, म्हणजे एप्रिल 2020 नंतरच्या, वेगळ्या हाताळाव्या लागतात. त्यांतल्या अनेकींचा डायनामो कॉम्प्युटर चालवतो आणि पुढची बॅटरी भरली की व्होल्टेज मुद्दाम उतरवतो. रिले मग जोडतच नाही. तिथे डीसी-टू-डीसी चार्जर लागतो आणि वॉरंटीच्या अटी आधी वाचाव्या लागतात.

एवढं सांगून झाल्यावर हेही म्हणतो, की निव्वळ जागलीसाठी गाडीत दुसरी बॅटरी घालायला माझा विरोध आहे. तासाभराच्या गंगाखेडच्या फेरीत 100 अँपिअर-अवरची उतरलेली बॅटरी भरत नाही. शेवटची वीस टक्के भरायलाच तिला कित्येक तास लागतात. तीच बॅटरी आखाड्यावर ठेवा, कंट्रोलर लावून 100 वॅटचं सोलर पॅनेल जोडा. आपल्या उन्हात दिवसाला 25 ते 30 अँपिअर-अवर मिळतात, रात्रीच्या दोन फोकसांना जवळपास तेवढेच लागतात. डिझेल जळत नाही, गाडी रात्रभर बांधावर अडकत नाही.

दुसरी बॅटरी खरोखर हवी आहे ती गावोगाव फिरणाऱ्या पशुवैद्यकाच्या गाडीत. लस 2 ते 8 अंशांत राहावी लागते, आणि बर्फाच्या डब्यावर एप्रिलची दुपार काढणं जिवावर येतं. 45 वॅटचा छोटा कॉम्प्रेसर फ्रीज निम्मा वेळ चालला तर दिवसाला 45 अँपिअर-अवर खातो, म्हणजे 100 ची शिशाची बॅटरी जेमतेम पुरते. ती हवी आहे पुराच्या वेळी धावणाऱ्या गाड्यांतही. सप्टेंबर 2024 च्या सुरुवातीच्या पावसात जिल्ह्यातल्या शिवारांत पाणी घुसलं होतं. अशा वेळी वीज जाते आणि गावातले मोबाइल एकेक करून बंद पडतात. तिथे पोचलेल्या जीपने पन्नास फोन चार्ज करून द्यावेत आणि तरीही परतताना एका सेल्फमध्ये सुरू व्हावं. तहसील आणि जिल्हा परिषदेच्या फिरत्या गाड्यांमध्ये ही सोय पावसाळ्याआधी करून घ्यावी, आणि ती करताना निविदेत बॅटरीच्या कंपनीआधी केबलची जाडी, रिले आणि दोन फ्यूज लिहावेत.