आधी नुसतं बघू द्या!

मुलुंडहून एका भगिनीचे पत्र आले आहे. सासूबाई सत्तरीच्या. कमरेवर, नेमकी परकराची नाडी बसते तिथे, आठ महिने एक जखम आहे. हळद झाली, खोबरेल झाले, मलम झाले. खपली धरते आणि पुन्हा ओलावते. डॉक्टरांचे नाव काढले की सासूबाई म्हणतात, "दाखवलं की ते कापायलाच बसणार!"

बाई, ही जखम आता घरगुती उपायांवर ठेवू नका. रोजच्या आवळण्याने कातडी काळवंडते, सोलवटते, चिघळते. अशी जखम फार काळ भरली नाही तर क्वचित तिथे कर्करोग होतो. २०२४ साली वर्धा व बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा दोन स्त्रियांची हकिकत ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात दिली. एकीची जखम दीड वर्षाची, लुगडे कसून नेसणाऱ्या दुसरीची दोन वर्षांची. दुसरीचा रोग तोवर जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता. दोष साडीचा नाही, कसून आवळण्याचा!

आता सासूबाईंची भीती. त्वचारोगतज्ज्ञ आधी नुसते पाहतात. त्यांच्याकडे डर्मोस्कोप नावाचे दिवा बसवलेले छोटे भिंग असते. ते कातडीवरची चकाकी घालवून साधारण दहापट मोठे दाखवते. वरच्या थराखालचा रंग, बारीक रक्तवाहिन्यांची ठेवण त्यातून दिसते. सुई नाही, टाका नाही.

मात्र संशय आला तर जागा बधिर करून छोटा तुकडा तपासायला घ्यावाच लागतो; शेवटचा निकाल त्याचाच. जांघेतल्या गाठी सोनोग्राफीत पाहता येतात. उपचारानंतर व्रणावर लक्ष ठेवायलाही हेच भिंग कामी येते.

मुलुंडहून लोकलने शीवला उतरा. तिथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्वचारोगाचा स्वतंत्र विभाग आहे.

आणि आपण सगळ्यांजणींनी:

• नाडीऐवजी रुंद पट्टा लावावा, तोही सैल.

• नाडीची जागा रोज थोडी खाली-वर करावी; घरात सैल कपडे घालावेत.

• अंघोळीच्या वेळी कमरेवर एक नजर टाकावी. महिनाभरात न भरलेली जखम डॉक्टरांना दाखवावी, लाजू नये.

सासूबाईंना एवढेच म्हणा, "आई, आधी नुसतं बघू द्या. मी आहे ना बरोबर!"