दहा मिनिटं उशीर

अंक वसुबारसेला तुमच्या हाती पडायला हवा होता. पडतोय भाऊबीजेच्या तोंडावर. दरवर्षी आम्ही छापखान्याकडे बोट दाखवतो, यंदा त्याची गरज नाही. या अंकाचा विषयच 'उशीर' आहे. विषय आधी ठरला की उशीर आधी झाला, हे विचारू नका. जुने वाचक तसंही विचारत नाहीत, ते गुपचूप वर्गणी भरतात.

वर्षाचा आढावा थोडक्यात आटोपतो. मराठीच्या अभिजात दर्जाला वर्ष झालं. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला आणि मागेही गेला. कागद महागला, जाहिराती आटल्या. देवनारच्या कचऱ्याचा वास आमच्या मानखुर्दच्या खिडक्यांत नेहमीसारखाच येतो. झाला आढावा.

आता मूळ दुखणं. वर्षभर एक शब्द डोळ्यातल्या कुसळासारखा खुपतो आहे: 'निष्क्रिय'.

इथल्या लल्लूभाई कंपाउंडमधल्या आठ मुलांनी गेल्या हिवाळ्यात एक एकांकिका बसवली. दोघं कॉलेजात, एक मोबाइलच्या दुकानात, बाकीची मिळेल त्या कामावर. समाजमंदिरात रात्री दहानंतर तालमी, त्याही कुणाचं लग्न किंवा बारसं नसेल तरच. विषय होता गांधीजींचा खून. स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतच गाडी अडली. परीक्षकांचा शेरा असा: नायक निष्क्रिय, मारेकऱ्याची बाजू आली असती तर नाट्य रंगलं असतं.

परीक्षकांचं नाव सांगणार नाही, कारण हा शेरा एकट्याचा नाही. मराठी रंगभूमीनं ३० जानेवारी १९४८ ची संध्याकाळ मुख्यतः पिस्तुलामागे उभं राहून पाहिली आहे. प्रदीप दळवींचं 'मी नथुराम गोडसे बोलतोय' १९९८ मध्ये आलं, सरकारनं त्यावर बंदी घातली, २००१ मध्ये न्यायालयानं ती उठवली. उठवली ते योग्यच झालं. बंदीनं नाटक मरत नाही, त्याची तिकीट खिडकी वाढते. य. दि. फडक्यांनी 'नथुरामायण' लिहून त्याचा समाचार घेतला. पण ते पुस्तक. टाळ्या पुस्तकाला पडत नाहीत.

गांधी आपल्या रंगमंचावर आलेच नाहीत असं नाही. अजित दळवींच्या 'गांधी विरुद्ध गांधी'त ते हरिलालचे बाप म्हणून आले, प्रेमानंद गज्वींच्या 'गांधी-आंबेडकर'मध्ये वादातला एक पक्ष म्हणून. दोन्ही मोलाची नाटकं. पण ज्याला गोळ्या लागल्या, त्याच्या बाजूनं ती संध्याकाळ पाहणारं आणि मारेकऱ्याच्या नाटकाइतकं गाजलेलं मराठी नाटक मला आठवत नाही. सत्त्याहत्तर वर्षांत एकही नाही. यालाच मी उशीर म्हणतो.

आणि निष्क्रिय कोण? १३ जानेवारीला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा दिल्लीतली कत्तल थांबावी म्हणून उपोषणाला बसतो आणि सगळ्या पक्षांच्या सह्या घेऊन १८ तारखेलाच उठतो. २० तारखेला खुनाच्या कटातला निर्वासित मदनलाल पाहवा प्रार्थनेच्या जागी स्फोट घडवतो, तरी प्रार्थना पुरी होते. दुसऱ्या दिवशी म्हातारा सांगतो, त्या पोराचा द्वेष करू नका. गृहमंत्री पटेल म्हणतात, प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेऊ. तो नकार देतो. २९ तारखेला एक संतापलेला निर्वासित त्याला हिमालयात जायला सांगतो, तेही तो ऐकून घेतो. झडतीला नकार देणं ही कृती नसेल, तर मग नाटकात कृती म्हणजे फक्त चाप ओढणंच उरतं.

मुलांनी याहून शहाणपणाची गोष्ट केली होती. त्यांनी गांधी जवळजवळ दाखवलेच नाहीत. त्यांनी दाखवले २० ते ३० जानेवारीचे दहा दिवस, आणि तेही बहुतेक मुंबईतले. रुईया कॉलेजात जगदीशचंद्र जैन नावाचे प्राध्यापक होते. मदनलाल त्यांची पुस्तकं विकून पोट भरायचा. त्यानं कटाची बढाई त्यांच्यासमोर मारली होती. जैनांना वाटलं, निर्वासिताचा राग आहे, बोलून निवेल. स्फोटाची बातमी वाचली आणि ते २१ तारखेला मुंबई सरकारातल्या बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई यांच्याकडे धावले. म्हणजे खबर वेळेत पोहोचली होती. पुढे? दिल्लीहून आलेले पोलीस अधिकारी मुंबईतून परत पाठवले गेले. पुण्याकडचे एक वरिष्ठ अधिकारी मदनलालचा जबाब घेऊन दिल्लीहून निघाले, ते आगगाडीनं. आणि २७ तारखेला नथुराम गोडसे व नारायण आपटे मुंबईहून दिल्लीला गेले, ते विमानानं.

हे सगळं पुढे खुनाच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगासमोर आलं. प्रेक्षकाला शेवट माहीत आहे, रंगमंचावरच्या कुणालाच नाही, आणि प्रत्येकजण आपापलं काम नेमानं करतो आहे. याहून रंगणारं नाट्य कोणतं असतं, हे मला त्या परीक्षकांना विचारायचं आहे.

एक आक्षेप वस्तीतूनही येईल असं वाटलं होतं. तालमी बघायला येणारे एक आजोबा जुने आंबेडकरी कार्यकर्ते. पुणे कराराचा राग त्यांच्या मनात अजून ताजा आहे. मुलांना वाटलं, हे समाजमंदिराची किल्ली काढून घेणार. ते म्हणाले, "आमचं भांडण गांधींशी आहे, ते आम्ही भांडू. पण भांडायला समोरचा जिवंत लागतो. ह्यांनी तो मारला." वर एक गोष्ट त्यांनीच सुचवली आणि मुलांनी ती संहितेत घेतली: २५ जून १९३४ ला पुण्यात गांधींवर बॉम्बहल्ला झाला, तेव्हा ते अस्पृश्यतेविरुद्धच्या दौऱ्यावर होते. पाकिस्तान तेव्हा जन्मलाही नव्हता, मग त्याला द्यायच्या पंचावन्न कोटींचा प्रश्नच नव्हता. मारेकऱ्याची कैफियत ऐकून हळहळणाऱ्यांनी ही तारीख पाकिटात ठेवावी.

पाच नोव्हेंबरला रंगभूमी दिनाचे नारळ फुटतील. मानखुर्दच्या माणसाला नाटक बघायचं तर अजूनही खाडी ओलांडून वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात जावं लागतं, नाहीतर लोकल बदलून दादरला शिवाजी मंदिरात. नाटक आमच्याकडे येईल याची वाट आम्ही बघत नाही. मुलांची एकांकिका या अंकाच्या शेवटच्या पानांवर पूर्ण छापली आहे. कुणीही करावी, परवानगी नको, मानधन नको.

तिचा शेवट मला पाठ झाला आहे. पटेलांशी बोलणं लांबलं म्हणून गांधी प्रार्थनेला दहा मिनिटं उशिरा निघतात. वेळेच्या बाबतीत स्वतःला माफ न करणारा माणूस, त्यामुळे भरभर चालतो आहे. कुणीतरी वाटेत वाकतो. सोबत चालणाऱ्या मनूला वाटतं, पाया पडतोय. ती त्याला बाजूला सारत म्हणते, बापूंना आधीच उशीर झालाय. मुलांनी इथेच अंधार केला आहे. गोळीचा आवाज ठेवलेला नाही.

३० जानेवारीला संध्याकाळी पाच वाजता समाजमंदिरात प्रयोग आहे. मानखुर्द स्टेशनला उतरा आणि कुणालाही विचारा. पाच म्हणजे पाच. मुलं वेळेवर सुरू करतात. उशीर होतो तो आमच्याकडून.