न समजल्यास पुन्हा विचारा

विमान केवळ हातांनी चालत नाही. ते वाणीनेही चालते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते, हे अनेकांनी ऐकलेले असते. परंतु उड्डाण शिकत असतानाच रेडिओ-टेलिफोनीचा स्वतंत्र परवाना मिळवावा लागतो, याची माहिती आपल्या पालकांपर्यंत क्वचितच पोहोचते. नियंत्रण कक्षाशी बोलत असल्याप्रमाणे संदेश देणे आणि तोंडी प्रश्नांना उत्तरे देणे, असे या परीक्षेचे स्वरूप असते. इंग्रजी बोलावे लागणार म्हणून आपली मुले येथेच कचरतात.

ही भीती अनाठायी आहे, असे आम्हा माजी विद्यार्थ्यांचे मत आहे. रेडिओवरील इंग्रजी अलंकारिक नसते. ठरलेले थोडे शब्द, 'अल्फा, ब्रॅव्हो, चार्ली' अशी अक्षरे, नऊसाठी 'नाईनर', संकटात तीन वेळा 'मेडे'. मिळालेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची आणि न समजल्यास 'से अगेन' म्हणायचे.

खरी अडचण येथेच आहे. हसू होईल या धास्तीने न समजताही मान डोलावण्याची सवय आम्हांलाही वसतिगृहात होती. आकाशात ही सवय प्राणघातक ठरते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफच्या धावपट्टीवर दोन विमाने आदळून ५८३ जण मृत्युमुखी पडले. संदिग्ध शब्द हे त्याचे एक कारण होते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीच्या आकाशात ३४९ जीव गेले. १५ हजार फुटांवर राहण्याची सूचना असलेले विमान त्याखाली उतरले होते. चौकशीत वैमानिकांच्या इंग्रजी आकलनाचाही प्रश्न पुढे आला.

उड्डाण प्रशिक्षणाला लाखो रुपये लागतात, मग ही चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. खर्चाचा प्रश्न मोठा आहे, हे आम्ही नाकारत नाही. परंतु शिष्यवृत्ती शुल्क भरू शकते. दबलेला आवाज ती मोकळा करू शकत नाही. ते काम शाळेचे आहे.

म्हणून आमची विनंती आहे: बारावीत भौतिकशास्त्र व गणित घेणाऱ्यांना या वाटेची माहिती द्यावी. परिपाठात रोज पंधरा मिनिटे इंग्रजी सूचना ऐकून त्या परत म्हणण्याचा सराव घ्यावा. चुकलेल्या उच्चाराला कोणी हसू नये. सम्यक वाचेचा पाठ आपण येथेच गिरवला. 'मला समजले नाही, पुन्हा सांगा' हे निर्भयपणे म्हणणे हाही त्याच पाठाचा भाग आहे.