‘मेक अप’ : रोजा, रुसवा आणि रचलेली गोष्ट

अलीकडे आपल्या घरांत मुलांसाठी इंग्रजीतली दीनी पुस्तकं येऊ लागली आहेत. मुलं ती आवडीनं वाचतात, ही आनंदाची बाब आहे. मात्र एखादा साधा शब्दच त्यांना अडवतो. रमजानच्या धड्यात ‘मेक अप मिस्ड फास्ट्स’ असं वाचून एका विद्यार्थिनीनं आम्हांला विचारलं, “रोजा सुटला तर मेकअप करायचा?” वर्ग हसला, पण प्रश्न रास्त होता. मेकअप म्हणजे पावडर आणि लिपस्टिक, एवढंच तिला ठाऊक होतं.

इथे ‘मेक अप’ म्हणजे राहून गेलेलं भरून काढणं, म्हणजेच कजा. सूरह बकराच्या 184 व्या आयतीत आजारी माणसाला आणि मुसाफिराला ही सवलत दिली आहे : जितके रोजे सुटले, तितके इतर दिवसांत पूर्ण करावेत.

इंग्रजीत क्रियापदाला अप, ऑफ, आउट असा छोटा शब्द जोडला की बऱ्याचदा अगदी नवा अर्थ तयार होतो. त्याला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. दोन शब्दांची फोड करून तो अर्थ हाती लागत नाही. वाक्यात सोबत काय आलं आहे, ते पाहावं लागतं.

‘इलेव्हन प्लेयर्स मेक अप अ क्रिकेट टीम’ : अकरा खेळाडू मिळून क्रिकेटचा संघ होतो.

‘मेक अप युअर माइंड’ : एकदाचं मनाशी पक्कं ठरव.

‘ही मेड अप अ स्टोरी’ : त्यानं गोष्ट रचली. पोरांना झोपवणाऱ्या नानानं रचली तर कौतुक. उशिरा घरी येणाऱ्या मुलानं रचली तर ती थाप.

‘दे मेड अप’ : पुढे काहीच नाही. अर्थ असा की दोघांचं भांडण मिटलं, सुलह झाली.

यातले शेवटचे दोन अर्थ आपल्या घरांत रोज समोरासमोर येतात. कुणीतरी एखादी गोष्ट रचून इकडची तिकडे करतं आणि दोन भाऊ ईदलाही गळाभेट घेत नाहीत. तीन दिवसांहून अधिक अबोला धरणं मुसलमानाला जायज नाही आणि जो आधी सलाम करतो तो उत्तम, असा हदीसचा आशय आहे. आणखी एका हदीसनुसार, लोकांत सुलह घडवण्यासाठी जो पदरचे चार चांगले शब्द सांगतो, तो खोटारडा ठरत नाही. “तुझी मोठी जाऊ तुझी आठवण काढत होती,” हे एक वाक्य कित्येक वर्षांची गाठ सोडवतं. तोडण्यासाठी रचलेली गोष्ट मात्र तोहमत होते. ती पसरली की भरून काढणं फार कठीण.

या महिन्यात मुलांकडून ‘मेक अप’ची पाच वाक्यं लिहून घ्या. ‘दे मेड अप’चं उदाहरण आपल्याच खानदानातलं देता येतं का, तेही पाहा. येत नसेल, तर राहून गेलेला सलाम आजच करा. तो भरून काढायला अजून उशीर झालेला नाही.