कांदा, संत्री आणि शेजारधर्म

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि एकाच अधिसूचनेने दोन देशांत संतापाची लाट उसळली. नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग रोखून धरला. ठिकठिकाणच्या बाजार समित्यांतील लिलाव थांबले. तिकडे ढाक्यात अवघ्या एक-दोन दिवसांत कांद्याचा भाव किलोमागे दोनशे टाकांच्या वर गेला, दुकानांपुढे गर्दी झाली आणि तेथील ग्राहक संरक्षण खात्याला साठेबाजांवर छापे घालावे लागले. कांदा विकणारा आणि कांदा विकत घेणारा असे दोघेही एकाच वेळी एकाच निर्णयावर रागावल्याचे उदाहरण व्यापाराच्या इतिहासात विरळाच सापडेल.

या गदारोळात एक घटक मात्र शांत होता. तो म्हणजे मुंबई, पुणे आणि दिल्लीतील ग्राहक. त्याच्या पिशवीत स्वस्त कांदा पडावा यासाठीच हा सारा खटाटोप होता. आयात-निर्यातीच्या निर्णयांवरील लोकांच्या प्रतिक्रियांचा विचार करताना आपण रस्त्यावर उतरलेल्यांकडे पाहतो, घोषणा ऐकतो, पुतळे जळताना पाहतो. पण सरकारे बहुधा न बोलणाऱ्या या तिसऱ्या पक्षाकडे बघून निर्णय घेत असतात. भारत आणि बांगलादेश यांच्यातील गेल्या काही वर्षांचे व्यापारी तंटे समजून घ्यायचे, तर या तिन्ही पक्षांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो.

बंदीची आवर्तने

कांद्यावरून हे नाटक प्रथमच घडले असे नाही. २९ सप्टेंबर २०१९ रोजी भारताने अशीच निर्यातबंदी जाहीर केली. त्यानंतर आठवडाभरातच बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. भारतीय उद्योजकांच्या मेळाव्यात त्यांनी, आपण आपल्या स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नकोस असे सांगून ठेवले आहे, अशी हसत हसत तक्रार केली आणि असा निर्णय घेताना आधी कळवत चला, एवढीच विनंती केली. सभागृहात हशा पिकला. पण पुढच्या महिन्यात ढाक्यातील भाव दोनशे टाकांपलीकडे गेले, सरकारी वाहनांतून ४५ टाका किलोने मिळणाऱ्या कांद्यासाठी लोक तासन् तास रांगेत उभे राहिले आणि परदेशातून कांदा विमानाने आणण्याची पाळी त्या सरकारवर आली. तेव्हा तो विनोद फारसा कोणाला आठवला नसेल.

वर्षभरातच, १४ सप्टेंबर २०२० रोजी, पुन्हा पूर्वसूचनेविना बंदी आली. कांद्याने भरलेले ट्रक सीमेवर अडकून पडले. बांगलादेशाच्या परराष्ट्र खात्याने लेखी नाराजी कळवली आणि आधी सूचना देण्याबाबत झालेल्या बोलण्याची आठवण करून दिली. १९ ऑगस्ट २०२३ रोजी ४० टक्के निर्यातशुल्क लागले, तेव्हा नाशिकच्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. त्यावर डिसेंबरमधील बंदीने कळस चढवला. ही बंदी ४ मे २०२४ रोजी उठली खरी, परंतु टनाला ५५० डॉलरचे किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क निम्म्यावर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते पूर्णपणे हटले.

डिसेंबरमधील बंदी इतकी जिव्हारी का लागली, याचे कारण पिकाच्या स्वभावात आहे. उन्हाळी कांदा चाळीत चार-सहा महिने टिकतो. भाव पडला तर शेतकरी थांबू शकतो. खरिपाचा लाल कांदा मात्र साठवणीला टिकत नाही. तो निघाला, की मिळेल त्या भावाने विकावाच लागतो. लासलगावात बंदीनंतर काही आठवड्यांतच भाव निम्म्यावर आला, तेव्हा ज्याच्या शेतात लाल कांदा उभा होता त्याला हातावर हात धरून बसण्यापलीकडे काही उरले नाही.

मतपेटीतील दोन भीती

तरीही कोणत्याही पक्षाचे सरकार असो, असे निर्णय होत राहतात. त्यामागे १९९८ ची आठवण आहे. त्या वर्षी कांद्याच्या भडकलेल्या भावाने दिल्लीतील राज्य सरकार घालवले, अशी राजकीय वर्गाची पक्की समजूत झाली. तेव्हापासून महाग कांदा म्हणजे पराभव, हे समीकरण सत्ताधाऱ्यांच्या मनात घट्ट बसले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत त्याची दुसरी बाजू दिसली. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या; नाशिक आणि अहमदनगर येथेही सत्ताधारी आघाडीला हार पत्करावी लागली. कांद्याने आपल्याला रडवले, हे त्या आघाडीतील नेत्यांनीही नंतर कबूल केले. म्हणजे महाग कांदा शहरात मते घालवतो आणि स्वस्त कांदा गावात. या दोन भीतींच्या मधोमध शेजारी देशाचा ग्राहक उभा असतो. त्याला आपल्याकडे मत नाही, त्यामुळे त्याच्या रागाची नोंद येथे कोणी घेत नाही.

ती नोंद वेगळ्या जागी होते. विश्वास नसलेल्या पुरवठादारावर कोणताही गिऱ्हाईक कायम अवलंबून राहत नाही. याचा धडा कांद्याच्या आधी गुरांनी दिला होता. २०१५ मध्ये सीमेवरून होणारी गुरांची चोरटी वाहतूक रोखण्याची मोहीम भारताने तीव्र केली. बांगलादेशात मांस महागले, ओरड झाली. पण पुढील काही वर्षांत तेथील शेतकरी पशुपालनाकडे वळले आणि ईद-उल-अझाच्या कुर्बानीसाठी लागणारी जनावरे देशातच तयार होऊ लागली. कांद्याबाबतही त्या देशाने हीच वाट धरली आहे. लागवड वाढवणे आणि पाकिस्तान, चीन, इजिप्त, तुर्कस्तान असे पर्यायी पुरवठादार हाताशी ठेवणे, असे त्याचे दुहेरी धोरण राहिले. २०२५ मध्ये भारताने शुल्क काढून टाकले, तेव्हा आपल्या शेतकऱ्याच्या रक्षणासाठी आयात परवान्यांचा हात आखडता घेण्याची पाळी ढाक्याची होती. आपले दार आपल्या सोयीने उघडले म्हणून समोरचा दारात उभाच असेल, असे नाही.

संत्र्याचा भुर्दंड

कांद्याची ही झळ नाशिकला बसली, तर संत्र्याची वरुड-मोर्शीला. नागपुरी संत्र्याचे परदेशातील सर्वांत मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. त्या देशाने संत्र्यावरील आयातशुल्क पायरीपायरीने वाढवत नेले. २०१९ मध्ये किलोला सुमारे २० टाका असलेले शुल्क २०२३ मध्ये ८८ टाकांवर गेले. फळाच्या किमतीहून शुल्क जड झाले, निर्यात आटली आणि तो सारा माल देशी बाजारात येऊन भाव कोसळले. राज्य सरकारने शुल्काचा निम्मा भार अनुदानरूपाने उचलण्याची घोषणा केली.

विदर्भात अनेकांनी या शुल्कवाढीचा संबंध थेट कांद्याशी जोडला: तुम्ही आमचा कांदा अडवलात, आम्ही तुमची संत्री अडवतो. ही समजूत स्वाभाविक असली, तरी ती अर्धीच खरी मानावी लागेल. २०२२ पासून बांगलादेशाला परकीय चलनाची तीव्र टंचाई जाणवत होती. डॉलर वाचवण्यासाठी त्याने फळांसह अनेक ‘चैनीच्या’ वस्तूंवर कर चढवले आणि ते सर्वच देशांच्या मालाला लागू होते. परंतु आधीच्या बंद्यांनी कटुता निर्माण झाली होती. ती नसती, तर नागपुरी संत्र्यासाठी सवलत मागायला दिल्लीला तोंड राहिले असते.

सूत आणि सदरे

५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना यांना देश सोडावा लागला आणि व्यापारी कुरबुरींना राजकीय वैराची धार आली. ८ एप्रिल २०२५ रोजी भारताने बांगलादेशी माल भारतीय विमानतळांवरून आणि बंदरांतून तिसऱ्या देशांत पाठवण्याची २०२० पासूनची सवलत काढून घेतली. त्याच महिन्यात बांगलादेशाने भूमार्गाने येणाऱ्या भारतीय सुतावर बंदी घातली. १७ मे रोजी भारताने उत्तर दिले. बांगलादेशी तयार कपडे यापुढे केवळ कोलकाता आणि न्हावा शेवा या बंदरांतूनच आत येतील, असे फर्मान निघाले. पुढे तागाच्या अनेक वस्तूंनाही न्हावा शेव्याचाच रस्ता दाखवण्यात आला. येथे शुल्काला हातही लावलेला नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सार्क करारान्वये २०११ पासून बांगलादेशाच्या बहुतेक मालावर भारतात आयातशुल्क नाही. पण बेनापोलहून पेट्रापोलमध्ये उतरणारा सदरा समुद्रमार्गे उरणला वळसा घालून आणायचा, म्हणजे शुल्क न लावताही शुल्क वसूल करण्याचाच प्रकार. ‘ग्लोबल ट्रेड रिसर्च इनिशिएटिव्ह’ या अभ्याससंस्थेच्या अंदाजानुसार मे महिन्यातील निर्बंधांचा फटका ७७ कोटी डॉलरच्या, म्हणजे बांगलादेशातून होणाऱ्या सुमारे ४२ टक्के आयातीला बसणार होता.

या प्रसंगी उमटलेल्या प्रतिक्रिया बोलक्या आहेत. भारतीय सुतावर बंदी घाला, ही मागणी बांगलादेशातील सूतगिरणी मालकांचीच होती. तेथील तयार कपड्यांच्या उत्पादकांनी मात्र तिला विरोध केला, कारण वेळेत आणि किफायतशीर सूत मिळाले नाही तर युरोपची मागणी पुरी कशी करायची? इकडे भारतीय वस्त्रोत्पादकांनी कपड्यांवरील निर्बंधांचे स्वागत केले, तर सूत निर्यात करणाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. पेट्रापोलच्या ट्रकचालकांचे, हमालांचे आणि जकात-दलालांचे पोट ज्या वर्दळीवर चालते, तीच ओसरली. दोन देशांचे भांडण म्हणून जे दिसते, त्याच्या पोटात प्रत्येक देशातील गिरणीवाला विरुद्ध शिवणवाला असे घरगुती भांडण असते. राष्ट्राभिमानाची घोषणा त्यावर घातलेली चादर ठरते.

बहिष्काराचे अर्थशास्त्र

घोषणांना मात्र तोटा नव्हता. २०२४ च्या जानेवारीतील निवडणुकीनंतर बांगलादेशात ‘इंडिया आउट’ मोहीम सुरू झाली. विरोधी बीएनपीचे नेते रुहुल कबीर रिझवी यांनी आपल्या अंगावरची भारतीय शाल जाहीरपणे फेकून दिली. आधी आपल्या बायकांच्या कपाटातील भारतीय साड्या जाळा, असे आव्हान शेख हसीना यांनी दिले. डिसेंबर २०२४ मध्ये रिझवी यांनी ढाक्यात खरोखरच एक भारतीय साडी पेटवली. त्याच सुमारास त्रिपुरातील हॉटेलचालकांच्या संघटनेने बांगलादेशी पाहुण्यांना खोल्या न देण्याचे ठरवले आणि कोलकात्यातील एका रुग्णालयाने तेथील रुग्णांना दार बंद केले. या आगपाखडीत शाल फेकणाऱ्याचे फारसे काही गेले नाही. कोलकात्यातील न्यू मार्केट परिसरात बांगलादेशी गिऱ्हाइकांवर जगणारे दुकानदार मात्र ओस पडलेल्या गल्ल्या पाहत बसले.

बहिष्कार नेहमीच पोकळ असतो, असे नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने कॅनडाच्या मालावर २५ टक्के शुल्काचा बडगा उगारला, तेव्हा कॅनडातील प्रांतांनी सरकारी दुकानांतून अमेरिकी मद्य उतरवले, लोकांनी अमेरिकेतील सहली रद्द केल्या आणि त्या लाटेवर स्वार होऊन मार्क कार्नी यांच्या लिबरल पक्षाने एप्रिलमधील निवडणूक जिंकली. तेथे झळ सर्वांना लागली होती आणि फळीवर पर्यायी मालही होता. नेपाळने २०१५ च्या नाकेबंदीत डिझेल आणि स्वयंपाकाच्या गॅसविना हिवाळा काढला. तेथे बहिष्काराला वावच नव्हता. तो राग साठून राहिला आणि मार्च २०१६ मध्ये काठमांडूने चीनशी वाहतूक करार केला. रोजच्या गरजेची वस्तू अडवली, की शेजाऱ्याचा राग घोषणा देऊन विरून जात नाही. तो नवी वाट शोधतो.

भारत-बांगलादेश व्यापारात तोल कोणाच्या बाजूने आहे, हे पाहिले तर आपली जबाबदारी अधिक ठरते. २०२३-२४ मध्ये भारताची निर्यात सुमारे ११ अब्ज डॉलरची होती. उलट दिशेने आलेला माल दोन अब्ज डॉलरच्या आसपास. तुटला तर आपलाच बाजार अधिक तुटेल. उपायही अज्ञात नाही. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही देशांच्या वाणिज्यमंत्र्यांच्या भेटीत बांगलादेशाने तांदूळ, गहू, साखर, कांदा यांसारख्या वस्तूंचा वार्षिक कोटा ठरवून द्यावा, अशी मागणी केली होती. टंचाईच्या वर्षीही ठरलेला वाटा मिळेल, एवढी हमी शेजाऱ्याला पुरते. आणि आपली बाजारपेठ कायम राहील, एवढी खात्री निफाडच्या शेतकऱ्याला. मार्च २०२४ मध्ये बंदी चालू असताना ५० हजार टन कांदा बांगलादेशाला देण्याची परवानगी सरकारने दिलीच होती. जे मेहेरबानी म्हणून करता येते, ते करार म्हणून का करू नये?

याला आडवा येतो तो शहरी ग्राहकाचा धाक, म्हणजे आपलाच धाक. कांदा काही महिने दहा-वीस रुपयांनी महागला, तर मध्यमवर्गीय घराचे अंदाजपत्रक कोलमडत नाही. ज्यांचे कोलमडते, त्या गरीब कुटुंबांना शिधावाटपातून स्वस्त कांदा देता येईल. पण त्यासाठी निर्यात तोडणे म्हणजे शहराच्या सवलतीचे बिल एकदा येवल्याच्या शेतकऱ्याच्या आणि एकदा ढाक्यातील रिक्षावाल्याच्या नावावर फाडणे होय. बंदीच्या प्रत्येक बातमीवर महामार्ग रोखणारे आणि रांगेत ताटकळणारे आपल्याला दिसतात. ते नेमके कोणासाठी खोळंबले आहेत, हा प्रश्न मंडईत कांदा निवडताना अधूनमधून मनात यायला हरकत नाही.