सतरा सप्टेंबरचा अर्धा धडा



सप्टेंबर जवळ आला की पुण्या-मुंबईकडच्या नातेवाइकांपैकी कुणीतरी हमखास विचारते, "काय हो, तुमच्याकडे हे दुसरे झेंडावंदन कसले?" दरवर्षी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटले, एकदा नीट लिहूनच टाकावे. आणि लिहायला बसलेच आहे तर या दिवसाबद्दल बरीच वर्षे मनात घोळणारे एक मतही सांगून टाकते. पटलेच पाहिजे असा आग्रह नाही.

आधी ओळख. १७ सप्टेंबरला आपल्याकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणतात. सीमेपलीकडे बिदर-गुलबर्ग्याकडे २०१९ पासून त्याला कल्याण कर्नाटकाचे नाव मिळाले आहे. हैदराबादेत तर गंमतच आहे. २०२२ साली केंद्र सरकारने त्याच शहरात 'हैदराबाद मुक्ती दिन' केला आणि राज्य सरकारने 'राष्ट्रीय एकात्मता दिन'. पुढे सरकार बदलले आणि २०२४ पासून त्याचा 'प्रजा पालन दिन' झाला. तारीख एकच, बारसे मात्र पाच वेळा! ज्या घरात मुलाच्या नावावर एकमत होत नाही, तिथे भांडण नावाचे नसते, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहेच.

तर झाले असे. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आपण झालो नाही. हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते, त्यांतले पाच मराठी. लोकसंख्या दीड कोटीच्या वर. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्येच जाहीर केले होते की हैदराबाद भारतातही जाणार नाही आणि पाकिस्तानातही नाही, ते स्वतंत्र राहील. आपले अहमदपूर तेव्हा लातूर जिल्ह्यात नव्हते (लातूर जिल्हाच मुळी १९८२ चा). उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली तेव्हा ते उस्मानाबादेत आले. हे बिदरचे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या स्वतंत्र राहण्याला विरोध करणाऱ्यांचे पुढारी होते स्वामी रामानंद तीर्थ. हिप्परग्याच्या आणि नंतर अंबाजोगाईच्या शाळेत शिकवणारा हा माणूस, म्हणजे आमच्याच पेशाचा. त्याचा मला आजही अभिमान वाटतो. ७ ऑगस्ट १९४७ ला 'भारतात सामील व्हा' अशी हाक त्यांच्या स्टेट काँग्रेसने दिली आणि १५ ऑगस्टला ते तुरुंगात गेले. दुसऱ्या बाजूला रझाकार होते आणि त्यांचा म्होरक्या कासीम रझवी, लातूरचा वकील. बिलोलीजवळ अर्जापूरला गोविंदराव पानसरे यांचा खून १९४६ सालीच झाला होता. १९४८ उजाडल्यावर गावे लुटणे, जाळणे, माणसे मारणे याला सीमा राहिली नाही. आमच्या आजोळी वय सांगताना साल सांगत नसत. "रझाकारीत हा रांगत होता", "ॲक्शनच्या वर्षी हिचं लग्न झालं", असा हिशेब असे. मी स्वतः ॲक्शननंतर दोन वर्षांनी जन्मले.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज आत शिरली आणि १७ ला निजामाने शरणागती पत्करली. दरवर्षी झेंड्याखाली जे भाषण होते ते इथे संपते. टाळ्या होतात, मुलांना गोळ्या-बिस्किटे मिळतात. माझे म्हणणे असे की हा अर्धा धडा झाला. उरलेल्या अर्ध्यात दोन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट १८ सप्टेंबरपासून सुरू होते. फौज आली, रझाकार पळाले किंवा पकडले गेले, आणि मग गावोगाव सूड सुरू झाला. तो रझाकारांवर थांबला नाही. तक्रारी दिल्लीपर्यंत गेल्यावर पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरली. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर मिळून सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता, आणि मरणारे बहुतेक मुसलमान होते. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता, आकड्यांवर आजही वाद आहे, आणि अनेक दशके तो लोकांसमोर आलाच नाही. समितीने सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले ते असे: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. म्हणजे तुमचे-आमचे तालुके. लातूर शहराबद्दल तर त्यात लिहिले आहे की तिथली कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली. हजारावर माणसे मेली, आणि दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्तीतले जेमतेम तीन हजार उरले.

त्याच लातुरात आज महाराष्ट्रभरातून मुले 'लातूर पॅटर्न'चे क्लास लावायला येतात. नीटचे शेकडो प्रश्न त्यांना तोंडपाठ असतात. त्यांच्या खोल्या ज्या गल्ल्यांत आहेत तिथे काय झाले होते, हे त्यांना कुणी सांगत नाही. पास होऊन नोकरी लागली की आपली निम्मी पोरे हैदराबादेत, गच्चीबावली-कोंडापूरला फ्लॅट घेतात. शहर झपाट्याने वाढते आहे, पगार चांगले आहेत, आनंदच आहे. पण ज्या संस्थानाच्या राजधानीत आपण हप्ते भरतो, त्या संस्थानात आपल्या आजा-पणजाचे काय झाले आणि त्याने काय केले, हे दोन्ही ठाऊक असावे की नाही?

हे बोलले की लगेच विचारतात, "बाई, मग रझाकारांनी केलं ते विसरायचं का?" मुळीच नाही. पानसऱ्यांचे नाव पोरांना पाठच असले पाहिजे. पण शोएबुल्ला खान हे नाव किती जणांना सांगता येईल? 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा हा तरुण संपादक. हैदराबादने भारतात यावे असे त्याने लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्याला भर रस्त्यात मारले. म्हणजे आपल्या मुक्तीसाठी एका मुसलमानाने जीव दिला, आणि मुक्ती आल्यावर आपल्यातल्या काहींनी धर्म पाहून माणसे मारली. खुद्द कासीम रझवीवर रीतसर खटला चालला, त्याने शिक्षा भोगली, १९५७ साली सुटून तो पाकिस्तानात गेला. त्याच्या पापाची सर्वांत मोठी किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्यावर कुठलाही खटला चालला नव्हता.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकर आपल्या मुसलमान विणकर भावांसाठी हिंदूंच्याच जमावाशी लढले, त्यात काहींचा जीवही गेला. शेजारी मागाला माग लागलेला, सुखदुःख एक. या विणकरांचा सत्कार कुठल्याच झेंड्याखाली होताना मी पाहिला नाही. वाईट झाकायला जे पांघरूण घातले, त्याखाली हे चांगलेही झाकले गेले.

दुसरी गोष्ट तीस वर्षांनंतरची, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. मराठवाड्यात धड कॉलेज नव्हते तेव्हा १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढले. त्याआधी १९४७ च्या नोव्हेंबरात त्यांनी संस्थानातल्या अस्पृश्य समाजाला बजावले होते की निजामाची बाजू घेऊ नका. म्हणजे भारतात येण्याच्या प्रश्नावर ते कुठे उभे होते, यात शंका नाही. तरी २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव केला आणि आपला मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना मारले. गावोगाव दलित वस्त्या जळाल्या. याला सर्रास 'दंगल' म्हणतात. दंगलीला दोन बाजू लागतात. इथे एका बाजूला रॉकेलचे डबे होते आणि दुसऱ्या बाजूला छपरे.

मी तेव्हा नोकरीत नवीन होते. वर्गातले दोन बाक आठवडाभर रिकामे राहिले. मुले परत आली तेव्हा इतर पोरांपैकी कुणी त्यांना विचारले नाही, 'कुठे होता?' दहा वर्षांच्या पोरांनाही काय विचारायचे नाही ते बरोबर कळले होते. ते कुणी शिकवले? घरातल्या मोठ्यांच्या गप्प बसण्याने.

नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडले, आणि तेही नामांतर नव्हे, नामविस्तार. त्याच्या दोनच महिने आधी नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले होते. आणि आता हे पाहा: त्याच १९९४ साली, १७ सप्टेंबरला, नांदेडला नवे विद्यापीठ झाले आणि त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव दिले गेले. ते योग्यच झाले. पण त्या नावावरून कुठे छप्पर जळाले नाही. दोघेही शिक्षक, दोघेही मोठे. एकाचे नाव सहज बसले, दुसऱ्याच्या नावाला सोळा वर्षे आणि इतके जीव लागले. याचे कारण निजाम नव्हता, रझाकार नव्हते. तोवर त्यांना जाऊन तीस वर्षे झाली होती. कारण आपल्याच घरात होते.

आमची पुतणी अमेरिकेत टेक्सासला असते. तेही असेच दक्षिणेतले, झपाट्याने वाढणारे राज्य, दरवर्षी लाखो माणसे राहायला येतात. १८६१ साली ते अमेरिकेतून फुटले, आणि का फुटतो हे त्यांनी तेव्हा लिहूनच ठेवले होते: गुलामी टिकवायची होती आणि काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही असे त्यांचे मत होते. गुलामांच्या मुक्तीचा हुकूम १८६३ चा, पण टेक्सासातल्या गुलामांना तो कळला १९ जून १८६५ ला. त्या दिवसाची सुट्टी राज्याने १९८० पासून आणि सबंध देशाने २०२१ पासून दिली. आणि त्याच २०२१ साली तिथल्या विधिमंडळाने शाळेत वंशभेदाबद्दल काय आणि कसे शिकवावे यावर बंधने घालणारा कायदाही केला! सुट्टी द्यायला हरकत नाही, धडा मात्र जपून घ्या. पुतणीने हे सांगितले तेव्हा मला ते मुळीच परके वाटले नाही.

कुणी म्हणेल, जुने झाले, कशाला उकरता? पण जुने आपण उकरतोच की. २ सप्टेंबर २०२५ ला सरकारने हैदराबाद गॅझेटियरच्या नोंदींवरून शासन निर्णय काढला, आणि गावोगाव लोक निजामाच्या काळातल्या नोंदी शोधू लागले. आरक्षणाच्या त्या प्रश्नावर मला इथे मत द्यायचे नाही, ज्याला ज्याची गरज आहे त्याने ते जरूर शोधावे. मुद्दा इतकाच की फायद्याचा असेल तर शंभर वर्षांपूर्वीचा कागद आपल्याला जुना वाटत नाही. मग १९४८ चा अहवाल आणि १९७८ ची राख तेवढी जुनी कशी?

मला वाटते, 'आम्ही फार सोसले' एवढेच शिकलेला समाज धोक्याचा असतो. त्याला प्रत्येक वेळी वाटते की आता वसुलीची पाळी आपली. सोसले हे खरे आहे, आणि आपल्या हातून दुसऱ्याला सोसायला लागले हेही खरे आहे. ही दोन वाक्ये एका भाषणात बसू शकतात. "मुलांना हे झेपेल का?" असे तरुण शिक्षक विचारतात. जन्मभर पोरांत काढल्यावर सांगते, मुलांना झेपते. मोठ्यांना अवघड जाते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. यंदा झेंडा लावल्यावर पानसऱ्यांबरोबर शोएबुल्ला खान यांचे नाव घ्या, पोचिराम कांबळे यांचे घ्या, आणि ज्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत त्या विणकरांची आठवण काढा. पाच मिनिटे जास्त लागतील. आणि नातेवाईक मंडळींना एक विनंती: ज्यांनी ॲक्शन जाणत्या वयात पाहिली अशी माणसे आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा, आणि 'रझाकारांनी काय केलं?' हे विचारून झाले की 'आणि त्यानंतर गावात काय झालं?' हेही विचारा. आधी ते गप्प बसतील. उठू नका, बसून राहा. जे सांगतील ते लिहून ठेवा, आणि मला पाठवा.

असो. बरेच लांबले. आता थांबते.